हाताला हुन्नर, हुन्नराला मान

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या धम्मसभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून आम्ही आपल्यासमोर चार शब्द मांडणार आहोत. आम्ही म्हणजे कोणी मोठे विद्वान नव्हेत. संध्याकाळी विहाराच्या सभागृहात सतरंजी टाकून मोठ्या माणसांना कामाचे शिक्षण देणारी आम्ही वस्तीतलीच मंडळी आहोत. आमच्यात कोणी कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत, कोणी शिवण शिकवतात, कोणी शाळेत मास्तर आहेत. त्यामुळे पुस्तकातले थोडे आणि डोळ्यांनी पाहिलेले जास्त, असेच आमचे बोलणे राहील.

वर्धापन दिन आला की आपल्या विहारात दहावी-बारावी पास झालेल्या मुलामुलींचा सत्कार होतो. ही प्रथा फार चांगली आहे, ती चालूच राहावी. परंतु टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीत मागच्या रांगेत जो बाप उभा असतो, ज्याची स्वतःची शाळा सातवीत सुटली आणि जो आज ठेकेदाराकडे रोजावर जातो, त्याच्या शिक्षणाचे काय? जी आई चार घरची धुणीभांडी उरकून धावतपळत सभेला येते, तिच्या शिक्षणाचे काय? "आता आमचं वय झालं, पोरं शिकली म्हणजे झालं," असे ते स्वतःच म्हणतात, आणि आपणही मान डोलावतो. अहो, पस्तिशी-चाळिशीच्या माणसापुढे अजून वीस-पंचवीस वर्षांची मजुरी उभी असते! ती वीस वर्षे कशी जायची, हे ठरवायला आपण त्याला मदत करणार की नाही? आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे की, वस्तीतल्या प्रौढ माणसाला कामाचे शिक्षण वस्तीतच मिळाले पाहिजे, आणि त्या शिक्षणाने त्याला पुढे नेले पाहिजे; जुन्याच दावणीला पुन्हा बांधता कामा नये.

धम्मात हुन्नराचे स्थान

काही मंडळी विचारतात, "विहार म्हणजे वंदनेची जागा. तिथं वायरिंग आणि शिवणकाम कशाला?" त्यांना आम्ही नम्रपणे सांगतो की, आपण प्रत्येक मंगलप्रसंगी जे महामंगल सुत्त म्हणतो, त्यात शिल्पाची, म्हणजे हाताच्या विद्येची गणना उत्तम मंगलात केलेली आहे. आई-वडिलांची सेवा, विनय, दान यांच्या पंक्तीला हुन्नर बसवलेला आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. पोट कसे भरावे, हा प्रश्न तथागतांनी धम्माच्या बाहेर ठेवलेला नाही.

अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाची कथा आहे. तो भगवंतांकडे आला आणि म्हणाला की, आम्ही संसारी माणसे, बायकापोरांत राहणारे, आमच्यासारख्यांना या जन्मी सुख कशाने मिळेल ते सांगा. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा म्हणजे आपल्या कामात निपुण व उद्योगी असणे. आरक्खसंपदा म्हणजे कष्टाने मिळवलेले राखणे. कल्याणमित्रता म्हणजे चांगल्याची संगत. आणि समजीविता म्हणजे जमाखर्चाचा तोल सांभाळून जगणे. पहिली गोष्ट समजावताना भगवंतांनी शेती, व्यापार, गोपालन, धनुर्विद्या, राजाची चाकरी, कारागिरी अशी कामे गणली. त्यांत कोणत्या जातीने कोणते काम करावे याचा उल्लेख नाही. माणसाने कामात कुशल असावे, आळशी नसावे, काम कसे साधावे याची युक्ती त्याच्यापाशी असावी आणि ते पार पाडण्याची ताकद असावी, एवढीच अपेक्षा आहे. आमच्या संध्याकाळच्या वर्गाचा अभ्यासक्रम कोणी विचारला, तर आम्ही याच चार गोष्टी सांगतो.

बाबासाहेबांनी ओळखलेला अडसर

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. वसतिगृहे, वाचनालये यांच्या बरोबरीने औद्योगिक आणि शेतकी शाळा काढून आर्थिक स्थिती सुधारणे, हाही त्या सभेचा एक उद्देश होता. याचा अर्थ हाताच्या शिक्षणाचा विचार आपल्या चळवळीत पहिल्या दिवसापासून आहे.

त्या काळच्या मुंबईतल्या गिरण्या आठवा. आपली माणसे कोकणातून, घाटावरून येऊन गिरणीत लागली. परंतु साचेखात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे त्यांना शिरकाव नव्हता. कारण काय? धोट्यातला धागा साचेवाल्याला तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा इतरांना चालत नसे. हाताला साचा चालवता येणार नाही, असे कोणी म्हणत नव्हते. शिकण्याची जागाच बंद होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या सुप्रसिद्ध लिखाणात त्यांनी दाखवून दिले की, जात माणसाला ठरलेला धंदा सोडून दुसऱ्या धंद्यात जाऊ देत नाही, म्हणून ती बेकारीचे एक थेट कारण आहे. १९४२ साली व्हाइसरॉयांना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या तरुणांच्या तांत्रिक शिक्षणाची मागणी केली, सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत त्यांना उमेदवार म्हणून घ्यावे असे सुचवले.

बंधू-भगिनींनो, 'उमेदवारी' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. गवंड्याचा मुलगा गवंड्याजवळ शिकतो, सोनाराचा सोनाराजवळ. ज्यांच्या वाट्याला गावकीची कामेच आली, त्यांना उमेदवारीला बसवून घेणारा उस्ताद कुठून मिळणार? पिढ्यान्‌पिढ्या जे नाकारले गेले ते नुसते पुस्तक नव्हे. उस्तादाच्या शेजारची ती जागाही नाकारली गेली. वस्तीतले कामाचे शिक्षण म्हणजे ती जागा आपणच आपल्यासाठी तयार करणे होय.

प्रौढ माणूस वर्गातून का गळतो?

सरकारी योजना नाहीत असे नाही. श्रमिक विद्यापीठाची कल्पना तर मुंबईतच, वरळीला १९६७ साली प्रथम साकार झाली. कामगारांना कामाबरोबर शिक्षण द्यावे हा तिचा हेतू. पुढे २००० साली या संस्थांना 'जन शिक्षण संस्थान' असे नाव मिळाले आणि २०१८ पासून त्या केंद्राच्या कौशल्य विकास खात्याकडे आहेत. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्या माणसांसाठीच त्या आहेत. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना चालू आहे. तरीही आपल्या गल्लीतला चाळिशीचा माणूस तिथे टिकत नाही. का?

पहिले कारण रोजीचे. ज्याची चूल आजच्या रोजावर पेटते, तो दिवसा वर्गात बसूच शकत नाही. तीन महिने फुकट शिक्षण देतो म्हटले, तरी त्याच्या हिशेबाने ते फुकट नसते. त्याचे तीन महिन्यांचे रोज बुडतात. दुसरे कारण कागदाचे. आधार कार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, बँकेत तिसरे. पत्ता गावचा, राहणे इथले. तिसरे कारण बायांचे. लहान मूल कोणाजवळ ठेवायचे, आणि रात्री आठनंतर घराबाहेर राहिले तर घरात काय ऐकावे लागते, हे इथे बसलेल्या भगिनींना आम्ही सांगायला नको.

चौथे कारण कोणी उघड बोलत नाही, पण तेच सगळ्यांत जड आहे. ते म्हणजे लाज. पंचवीस वर्षांच्या मास्तरासमोर बाकावर बसून, सर्वांदेखत अडखळत वाचायचे, याची माणसाला भीती वाटते. शाळेत ज्याला मागे बसवले, ज्याच्या वहीला मास्तर शिवले नाहीत, त्याच्या मनात फळा म्हटले की अजूनही गोळा येतो. असा माणूस "वेळ नाही" म्हणतो. आपण त्याला आळशी म्हणतो. खरे पाहता तो पुन्हा एकदा नापास व्हायला तयार नसतो.

यावर उपाय एकच, वर्ग त्याच्या ओळखीच्या जागी आणि त्याच्या सोयीच्या वेळी भरवणे. विहारात तो चप्पल काढून हक्काने येतो. तिथे त्याला कोणी 'अर्जदार' म्हणत नाही, दादा म्हणतात, मामा म्हणतात, मावशी म्हणतात.

उट्ठानसंपदा : जे येते तिथून सुरुवात

आमचा पहिला नियम असा आहे की, आलेल्या माणसाला 'किती शिकलात?' असे विचारायचे नाही. 'काय काय येते?' असे विचारायचे. बहुतेक जण म्हणतात, "मला काय येतंय, काहीच नाही." मग हळूहळू बोलते करावे. नाक्यावर उभा राहणारा बिगारी सांगतो की, दहा वर्षे मिस्त्रीच्या हाताखाली माल कालवतो, ओळंबा धरतो, पाणसळ लावतो, लाद्या बसवतो. म्हणजे तो निम्मा मिस्त्री आहेच! त्याला येत नाही ते एवढेच : टेपवरचे सूत-इंच-मिलिमीटर बिनचूक वाचणे, नकाशा समजणे, आणि एका खोलीला लादी, सिमेंट, रेती किती लागेल याचा अंदाज कागदावर मांडणे. हे गणित शिकले की तो स्वतः काम अंगावर घेऊ शकतो. बिगाऱ्याच्या आणि मिस्त्रीच्या रोजात किती फरक असतो, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे.

तीच गोष्ट मावशींची. आजारी माणसाची सेवा करणाऱ्या बाईला उठवणे-बसवणे, अंग पुसणे, वेळेवर औषध देणे हे सगळे येते. तिने थर्मामीटर आणि रक्तदाबाचे यंत्र वाचायला शिकायचे, गोळीच्या पाकिटावरचे नाव आणि मुदतीची तारीख वाचायची, दिवसभराची नोंद वहीत लिहायची आणि कोणत्या वेळी डॉक्टरांना फोन करायचा ते समजून घ्यायचे. यासाठी आधी दहावी होण्याची गरज नाही. अक्षरओळखसुद्धा याच वहीतून होते. 'कमळ-बदक' पासून सुरू केले तर मोठे माणूस कंटाळते. स्वतःच्या कामाचा शब्द, स्वतःच्या हिशेबाचा आकडा दिला, तर ते आठवड्यात ओळखू लागते.

ज्यांना काम येते पण कागद नाही, त्यांच्यासाठी सरकारी कौशल्य योजनेत पूर्वी मिळवलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची सोय आहे. परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी, गवंडी, सुतार, चर्मकार, नाभिक असे १८ व्यवसाय धरलेले आहेत. पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. प्रशिक्षणासाठी रोज बुडतो, हा आक्षेप तिथे थोडा तरी ऐकला गेला आहे. आणखी एक बातमी अजून अनेकांपर्यंत पोहोचलेली नाही. टॅक्सी-टेम्पो यांसारखी वाहने चालवण्याच्या लायसन्ससाठी पूर्वी आठवी पासची अट होती. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. शाळेचा दाखला नाही म्हणून ज्यांनी स्टिअरिंगचा विचारच सोडून दिला, त्यांनी पुन्हा चौकशी करावी. आणि ज्यांना दहावी करायचीच आहे, त्यांना १७ नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. वाढत्या वयाची तिथे आडकाठी नाही.

आरक्खसंपदा : मिळवलेले राखणे

दीघजाणूला भगवंतांनी सांगितले की, घामाने मिळवलेले धन राजा नेणार नाही, चोर नेणार नाही, आगीत जळणार नाही, पुरात वाहून जाणार नाही, याची तजवीज करावी. आजचा चोर खिडकीतून येत नाही, तो मस्टरमधून येतो! महिनाभर काम, सही कोऱ्या कागदावर, पगार हातात कमी. प्रॉव्हिडंट फंड कापला म्हणून सांगतात, पण भरला की नाही कोण पाहणार?

म्हणून कामाच्या शिक्षणात हक्काचे शिक्षण आलेच पाहिजे. आम्ही वर्गात पगाराची चिठ्ठी वाचायला शिकवतो. मूळ पगार किती, कपात कशाची, फंडाचा बारा आकडी नंबर कोणता आणि मोबाइलवर शिल्लक कशी बघायची, हे माणसाला स्वतःला आले पाहिजे. बांधकाम कामगारांसाठी राज्याचे कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या कामगाराची तिथे नोंदणी होते, परंतु वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि इथेच गाडी अडते. ठेकेदार सही देत नाही. म्हणून रोज कुठे काम केले, कोणाकडे केले, किती रोज मिळाला, हे प्रत्येकाने छोट्या वहीत लिहावे. लिहिता येत नसेल तर घरातल्या मुलाकडून लिहून घ्यावे. एकटा माणूस दाखला मागायला गेला की त्याला हाकलतात. वह्या घेऊन पंधरा जण गेले की खुर्ची पुढे करतात, हे आम्ही पाहिलेले आहे.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या यादीत केंद्रीय मान्यता मिळाली. ती मिळवण्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी किती वर्षे मोर्चे काढले! तरी दाखला काढून न ठेवल्यामुळे ऐनवेळी धावाधाव करणारी घरे आजही आहेत. कागद हेसुद्धा धनच आहे, ते राखले पाहिजे.

कल्याणमित्रता : पहिल्या पगारानंतरची सोबत

प्रमाणपत्र वाटप झाले, फोटो निघाला, की बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षण संपते. आमच्या अनुभवाने खरे अवघड दिवस त्यानंतर येतात. नवीन कामावर पहिल्या आठवड्यात सुपरवायझर ओरडतो, शब्द कळत नाहीत, डबा खायला कोणी जवळ बसत नाही. आडनाव विचारून झाले की पत्ता विचारतात आणि पत्ता सांगितला की चेहरे बदलतात. हे सगळे आजही होते. पंधरा दिवसांत माणूस घरी परततो आणि लोक म्हणतात, "याला काम दिलं तरी टिकत नाही."

यासाठी प्रत्येक शिकणाऱ्याला वस्तीतला एक कल्याणमित्र असावा. त्या धंद्यात आधीपासून असलेला, स्वभावाने शांत, निर्व्यसनी माणूस. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा असलेल्यांची संगत धरावी, असे भगवंतांनी म्हटले आहे. तो फार काही करत नाही. पहिल्या दिवशी गेटपर्यंत सोबत जातो, रविवारी विहारात भेटून "काय झालं, कसं झालं" विचारतो, भांडण झाले तर नोकरी सोडण्याआधी मला सांग म्हणतो. निदान तिसरा पगार हातात पडेपर्यंत ही सोबत राहावी. किती प्रमाणपत्रे वाटली याची मोजणी सोडून देऊन, तिसरा पगार किती जणांनी घेतला याची मोजणी करावी.

बहिणींना तर ही सोबत जास्तच हवी. चार जणी मिळून एकाच बाजूच्या कामाला गेल्या, तर येण्याजाण्याची भीती राहत नाही, आणि घरची माणसेही निर्धास्त राहतात. वर्गाच्या वेळी मुले सांभाळायला महिला मंडळातल्या दोन आजींनी बसावे. हे काम लहान वाटते, परंतु त्या दोन आजींशिवाय शिवणाचा वर्ग अर्धा रिकामा राहतो.

समजीविता : जमाखर्चाचा तोल

भगवंतांनी तराजूचा दाखला दिला आहे. तागडी हातात धरणाऱ्याला जसे कळते की इतके वर गेले, इतके खाली आले, तसे गृहस्थाला आपली जमा आणि खर्च कळला पाहिजे. आणि तलावाचाही दाखला आहे. तलावाला पाणी येण्याच्या चार वाटा आणि जाण्याच्या चार वाटा. बाईचा नाद, दारू, जुगार आणि वाईट संगत या जाण्याच्या वाटा उघड्या ठेवल्या, तर वरून कितीही पाऊस पडो, तलाव भरणार नाही.

कर्जाबाबतही सांगायचे आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे, त्याच्या योजना जरूर घ्याव्यात. पण आधी कर्ज आणि मग धंदा, असा उलटा क्रम नको. शिलाई मशीन घरात आले, पण गल्लीत आधीच सहा मशीनी आहेत, कापड कोण देणार? आधी महिनाभर दुसऱ्याच्या मशीनवर काम करून बघावे, गिऱ्हाईक किती, उधारी किती, हे वहीत लिहावे, आणि आकडा जुळला तरच कर्जाच्या कागदावर सही करावी.

झाडूला इंग्रजी नाव

आता आम्ही त्या मुद्द्यावर येतो, ज्यावर आपल्यात मतभेद आहेत. एका प्रशिक्षण संस्थेची माणसे वस्तीत आली आणि म्हणाली की, तुमच्या लोकांसाठी हाउसकीपिंगचा कोर्स देतो, नोकरीची हमी. गणवेश आहे, बूट आहेत, इंग्रजी नाव आहे. आमच्यातले एक जुने कार्यकर्ते उभे राहून म्हणाले, "दुसऱ्या वस्तीत कॉम्प्युटर आणि आमच्या वस्तीत झाडू, हे कोणी ठरवलं?" त्यावर मागून एक ताई म्हणाल्या, "दादा, तुमचं बरोबर आहे, पण माझ्या घरात आज पीठ नाही." दोघांचेही खरे होते.

यातून वाट काढताना आम्हाला पुण्याचे एक उदाहरण उपयोगी पडते. पुण्यात १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या बायांमध्ये एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाने काम सुरू केले. कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य आपल्यासारख्याच दलित समाजातल्या स्त्रिया. त्यांना दुसरे काहीतरी शिकवावे, असा विचार पुढे आला होता. बायांचे म्हणणे वेगळे पडले. माल ओळखायचे, वेगळा करायचे काम आम्हाला येते. आम्हाला उकिरड्यात हात घालावा लागू नये, कचरा दारातूनच वेगळा मिळावा, असे त्यांनी मांडले. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ओळखपत्रे मिळाली, आणि २००८ साली या कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने दारोदार कचरा गोळा करण्यासाठी पुणे महापालिकेशी करार केला. काम कचऱ्याचेच राहिले. पण त्यात ओळखपत्र आले, संघटना आली, बोलण्याचा अधिकार आला.

या उदाहरणाचा अर्थ असा लावू नये की, झाडू-कचराच आपल्या वाट्याला बरा. गटाराचे झाकण उघडून सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी माणसे मरतात. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख आणि २०२३ साली ३० लाख रुपये ठरवली. अशा कामाला कोणी 'प्रशिक्षण' म्हटले, तर त्याला वस्तीच्या वेशीवरूनच परत पाठवावे.

आम्ही प्रत्येक कोर्सला तीन प्रश्न विचारतो. हे काम करणाऱ्याला स्वतः निवडता आले का, की त्याच्यापुढे दुसरे काही ठेवलेच नव्हते? या कामात दोन वर्षांनी वरची पायरी आहे का, म्हणजे झाडणारा सुपरवायझर, सुपरवायझरचा स्वतःचा ठेका, असे होऊ शकते का? आणि या कामात त्याच्या शरीराला, त्याच्या मानाला धोका नाही ना? तिन्ही उत्तरे बरी आली तर कोर्स घ्यावा, नाव कोणतेही असो. आणि एकच कोर्स घेऊन कोणी आले तर सांगावे की, बरोबर इलेक्ट्रिशियनचा, ड्रायव्हिंगचा, रुग्णसेवेचा कोर्सही आणा, मग माणसे निवडतील. निवड करण्याची ताकद हीच खरी मुक्ती आहे. त्या ताईंच्या घरी आज पीठ आले पाहिजे, आणि त्यांच्या मुलीला उद्या कोणी न विचारता झाडू देता कामा नये. या दोन्ही गोष्टी आपल्याला एकाच वेळी सांभाळायच्या आहेत.

विहाराने काय करावे?

विहार समितीपुढे आम्ही काही सूचना ठेवतो. पैशांपेक्षा माणसे लागणारी ही कामे आहेत.

एक, हुन्नराची नोंदवही करावी. वस्तीत कोणाला काय येते, कोण शिकवू शकतो, कोणाला शिकायचे आहे, हे घरोघर जाऊन लिहावे. आपल्याच गल्लीत रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर, मनपातले वायरमन, रुग्णालयातल्या परिचारिका आहेत. त्यांच्यापाशी आयुष्यभराची विद्या आहे आणि संध्याकाळ मोकळी आहे.

दोन, आठवड्यातून तीन संध्याकाळी, आठ ते साडेनऊ, सभागृह या कामासाठी राखून ठेवावे.

तीन, हत्यारांची पेढी काढावी. ड्रिल मशीन, मल्टिमीटर, टाइल कटर अशी महाग हत्यारे विहाराच्या कपाटात असावीत, सहीवर द्यावीत, सहीवर परत घ्यावीत. हत्यार नाही म्हणून हातचे काम सोडावे लागते, अशी वेळ कोणावर येऊ नये.

चार, दर रविवारी वंदनेनंतर कागदपत्रांचे टेबल लावावे. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तिथे बसावे. दहावी-बारावीला सत्कार घेतलेल्या मुलांनी त्या सत्काराची फेड अशी करावी, यापेक्षा चांगला धम्मदान कोणता?

पाच, दर वर्धापन दिनी मुलांच्या सत्काराबरोबर प्रौढ शिकणाऱ्यांचाही सत्कार व्हावा. पन्नाशीत पहिल्यांदा स्वतःची सही केलेल्या मावशीला, बिगाऱ्याचा मिस्त्री झालेल्या दादाला, त्यांच्या मुलांदेखत व्यासपीठावर बोलवावे. आई-बापाला शिकताना पाहिलेल्या मुलांना 'अभ्यास कर' म्हणून सांगावे लागत नाही.

उपासक-उपासिकांनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी जुने जू मानेवरून उतरवले. त्या दिवशी तिथे जमलेल्यांत बहुतेक सगळे प्रौढच होते, शेतमजूर होते, गिरणी कामगार होते. 'आता आमचं वय झालं' असे त्यांनी म्हटले असते, तर आज हा विहार उभा राहिला नसता. त्यांनी त्या वयात नवीन मार्ग धरला. मग आपल्याला या वयात एक नवीन काम शिकणे का जमू नये?

नोंदवहीचे पहिले पान आज सभा संपल्यावर दाराशी उघडलेले असेल. ज्याला शिकायचे आहे त्याने नाव लिहावे, ज्याला शिकवता येते त्यानेही लिहावे, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने निःसंकोच सांगावे, आमच्यापैकी कोणीतरी लिहून घेईल.



नमो बुद्धाय! जय भीम!